शाळा समोर, भेग मागे

‘साहेब, शाळा एकदम समोरच आहे!’

एजंटनं हे वाक्य टाकलं आणि आम्ही दोघंही गार! जानेवारीतली मस्त थंडी, अमरावतीच्या कॅम्प भागाकडचं पंचवीसेक वर्षांचं बैठं घर, अंगणात कडुनिंब आणि फाटकातून पलीकडे दिसणारी शाळेची इमारत. आमची लेक तीन वर्षांची. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मनातल्या मनात टोकन देऊनही झालं. भिंतींना ताजा रंग होता. तो का दिलाय, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

तिशीतल्या बहुतेक जोडप्यांचं असंच होतं. मूल नर्सरीच्या वयाचं झालं, की मॉड्युलर किचन आणि बाल्कनीच्या गप्पा मागे पडतात. पहिला प्रश्न एकच, जवळ चांगली शाळा कुठली? बाकी सगळं ‘नंतर बघू’.

आमच्या बाबतीत आणखी एक घोळ होता. माझं ऑफिस अमरावतीत, बायकोचं अकोल्यात. ती बडनेऱ्याहून रेल्वेनं रोज अपडाऊन करते, एका बाजूनं ८० किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे दुसरा पर्याय होता अकोल्यात, गोरक्षण रोडच्या पुढे, नवाकोरा टू-बीएचके. लिफ्ट, पार्किंग, चकचकीत टाइल्स. पण आम्हाला हवी ती शाळा तिथून सहा किलोमीटरवर. म्हणजे इकडे शाळा छान आणि घर जुनं, तिकडे घर छान आणि शाळा लांब. कागदावर आमचा कल अमरावतीकडे होता. मग आई घर बघायला आली.

आईचा तळहात

माझं गाव दर्यापूर तालुक्यात. आमच्या वऱ्हाडात शिक्षणासाठी शहरात खोली करण्याची पद्धत जुनी. बाप गावात शेती बघतो, आई मुलांना घेऊन अमरावतीत किंवा अकोल्यात राहते. अमरावतीला शिक्षणाचं गाव म्हणतात ते उगाच नाही. सरकारी विदर्भ महाविद्यालय १९२३चं. डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली ती १९३२ साली, आणि शेतकऱ्यांच्या पोरांना शाळा-कॉलेजचं दार उघडलं. १९९२ मध्ये माझी आईही मला घेऊन इथे आली. एक खोली, वर टिना. पावसाळ्यात खोलीभर भांडी मांडलेली असायची आणि माझ्या वह्या पिठाच्या डब्यात. माझं पाचवीचं वर्ष खोकण्यातच गेलं.

त्या आईनं ‘शाळा समोर’वाल्या घरात शिरताच भिंतीवर तळहात फिरवला. खिडकीच्या कोपऱ्यापाशी थांबली.

‘काऊन रे, शाळा पाह्यली, भिताडं पाह्यले का?’

मी म्हटलं, ‘आई, तूही शाळेसाठीच खोली केली होतीस ना?’

‘हाव. माह्यापाशी तवा दुसरं काईच नव्हतं बाप्पा. तुह्यापाशी हाये. पोरगी शाळेत राहीन सहा तास अन् घरात राहीन अठरा.’

मला थोडा रागच आला, खरं सांगतो. पण टोकन मी थांबवलं.

आधी भिंत पाहा

मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो, या वेळी एका सिव्हिल इंजिनीअर मित्राला घेऊन. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, पायऱ्या-पायऱ्यांसारखी भेग जानेवारीतल्या रंगाला फाडून वर आली होती. पेन्सिल सहज आत जाईल एवढी.

मित्रानं दोन मिनिटांत क्लास घेतला. आपली जमीन काळी. कापसाला सोन्यासारखी, पायाला मात्र वैरी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर घर तिच्याबरोबर वरखाली होतं. भिंतीलगत मोठं झाड असेल तर ते मातीतला ओलावा शोषतं आणि आकसणं वाढतं. (आम्ही ज्याच्या प्रेमात पडलो होतो तो कडुनिंब!) प्लास्टरवरची केसासारखी बारीक रेघ वेगळी, ती चालते. पण तिरपी भेग, अडकणारं दार आणि खचलेली फरशी एकत्र दिसली, तर दुखणं पायाचं. ‘रंग दर दोन वर्षांनी दे, भेग जाणार नाही,’ तो म्हणाला. पाया नंतर मजबूत करता येतो, पण ते काम किचकट आणि महाग.

नवीन फ्लॅट म्हणजे बिनधास्त, असंही नाही बरं का. पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा भाग खारपाणपट्टा. तिथल्या बोअरचं खारं पाणी काँक्रीटला वापरलं, तर आतलं लोखंड गंजतं आणि काही वर्षांनी स्लॅबचे पोपडे पडायला लागतात. म्हणून बिल्डरला टाइल्सचा ब्रँड विचारण्याआधी विचारा, बांधकामाला पाणी कुठलं वापरलं? आणि नळ किती दिवसांआड येतो? अकोल्याचं पाणी काटेपूर्णा धरणातून येतं, अमरावतीचं अप्पर वर्धातून. पण तुमच्या गल्लीत ते कधी पोहोचतं, हे शेजारच्या काकूच खरं सांगतील. रेरा कायद्यात येणाऱ्या प्रकल्पात ताबा घेतल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा मूळ दोष निघाला, तर दुरुस्ती बिल्डरनं स्वतःच्या खर्चानं करायची असते. जुन्या घरात मात्र जे दिसत नाही, तेही तुमचंच!

मग शाळा पाहा

भिंतीनंतर मी शाळेकडे वळलो. तोपर्यंत आमची माहिती म्हणजे काय, तर गेटवरचा टॉपर्सचा फ्लेक्स. तीन दिवस शाळा सुटताना गेटवर उभा राहिलो आणि पालकांशी बोललो. कळलं ते असं, की लहान वर्गांच्या टीचर वर्षात तीनदा बदलल्या होत्या आणि एका वर्गात पन्नासच्या वर मुलं. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. फ्लेक्स दहावीचा होता, आमची लेक जाणार होती नर्सरीत!

दुसरी गंमत म्हणजे, शाळेसमोर घर घेतलं म्हणून प्रवेश मिळतोच असं नाही. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी घराचा पत्ता हीच शाळेची पावती असते, म्हणून चांगल्या शाळेभोवती घरांचे भाव चढतात. आपल्याकडच्या खासगी शाळेत अंतर खरं मोजलं जातं ते आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी, म्हणजे दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी. तिथे १ किलोमीटर, ३ किलोमीटर याला अर्थ आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी शाळांना या जागांतून सूट, असा बदल राज्यानं फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयानं तो जुलै २०२४ मध्ये रद्द केला. बाकी पालकांसाठी फॉर्म, फी आणि शाळेची मर्जी. म्हणजे ‘समोर शाळा’ म्हणून एजंट जे जादा पैसे मागत होता, ते प्रवेशाचे नव्हतेच.

शेवटी रस्ता मोजा

मग शाळा जवळ असण्याला किंमतच नाही का? आहे ना! पण ती मिनिटांत मोजायची. अकोल्याच्या फ्लॅटवरून सहा किलोमीटर म्हणजे बाइकवर वीस मिनिटं. शाळेची व्हॅन मात्र गल्लोगल्ली फिरते. आम्ही टोकाला, म्हणजे लेक सगळ्यात आधी व्हॅनमध्ये चढणार आणि परतताना सगळ्यात शेवटी उतरणार. मेमध्ये, पारा ४५च्या घरात असताना हा हिशेब डोक्यात पक्का बसला.

अकोला-अमरावती हायवेवर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झालं. तेव्हापासून मित्र म्हणतात, ‘आता काय, कुठेही राहा.’ अरे, पण हायवेनं ऑफिसला जाणार आम्ही. नर्सरीतलं पोर जाणार गल्लीतून.

रात्री जेवणं झाल्यावर बायकोनं कागदावर दोनच ओळी लिहिल्या. शाळा दहा-बारा वर्षांची. हप्ता वीस वर्षांचा. शाळा पटली नाही तर बदलता येते, दहावीनंतर तर बदलतेच. पाया बदलता येत नाही. त्या दोन ओळींनी आमचं भांडण मिटलं.

आम्ही दोन्ही घरं सोडली. शेवटी अमरावतीत बडनेरा रोडकडे, साईनगरात, चौदा वर्षांचा फ्लॅट घेतला. बायकोला स्टेशन जवळ, शाळा तीन किलोमीटरवर, व्हॅनमध्ये वीस मिनिटं. ती शाळा फार नावाजलेली नाही, पण पहिलीच्या बाई तिथे नऊ वर्षं टिकून आहेत. फ्लॅटमध्ये बाथरूमच्या भिंतीला ओल होती. पण ते दुखणं प्लंबिंगचं, दुरुस्त होणारं. खर्चाचा अंदाज काढला आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून घेतले.

आईनं इथेही सगळ्या खोल्यांत तळहात फिरवला. ‘हाव, घ्या,’ एवढंच म्हणाली.

तेव्हा येत्या रविवारी घर बघायला निघालात, तर मोबाइलच्या कॅमेऱ्यासोबत खिशात एक साधी पेन्सिलही टाका. भेग दिसली की तिच्या दोन्ही टोकांना खूण करा, शेजारी तारीख लिहा. एक चक्कर मेमध्ये मारा, एक ऑगस्टमध्ये. भेग खुणेपलीकडे गेली असेल, तर शाळा कितीही समोर असू द्या, तुम्ही पुढच्या घराकडे निघा!