तुरा चुकला म्हणून कोंबडी परकी होते का?

संशोधनाच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांना वाटतं की खरं काम मोजणीपासून सुरू होतं. नमुने आणायचे, मोजायचे, आकडेवारी लावायची. पण त्याच्याही आधी एक पायरी असते आणि ती आपण बहुतेक वेळा न बघताच ओलांडतो. जे मोजायचं आहे ते ओळखायचं कसं? ही पायरी मी कशी चुकले ते आज सांगते. उदाहरण कोंबड्यांचं आहे. माझा पीएचडीचा विषय भाताचे वाण, त्यामुळे कोंबड्यांच्या बाबतीत मी तुमच्याइतकीच नवखी होते.

मी अमेरिकेच्या ईशान्य भागात राहते. माझ्या घरमालकीणबाई परसात डॉमिनिक जातीच्या कोंबड्या पाळतात. सात कोंबड्या आणि एक कोंबडा. डॉमिनिक ही अमेरिकेतली सगळ्यात जुनी कोंबडीची जात समजली जाते. एकोणिसाव्या शतकात ती तिथल्या शेताशेतात दिसायची. मग प्लिमथ रॉक ही जास्त वजनाची जात आली, पुढे कारखानदारी पद्धतीचे संकर आले आणि डॉमिनिक मागे पडली. १९७० च्या सुमाराला तिचे माहीत असलेले कळप फक्त चार उरले होते. आजच्या डॉमिनिक कोंबड्या मुख्यतः तिथून पुढे वाढवलेल्या आहेत. स्वभावाने शांत, माणसाजवळ येणारी, थंडी सोसणारी आणि खुडूक झाली की पिल्लं नीट सांभाळणारी अशी तिची ख्याती आहे.

आधी ओळख

डॉमिनिक काबरी असते. प्रत्येक पिसावर गडद आणि फिकट राखाडी पट्टे आडवे जातात. आता गंमत अशी की बार्ड प्लिमथ रॉकही काबरीच असते. दोघींमधला फरक बघायला शिकावं लागतं:

- पट्टे: प्लिमथ रॉकचे पट्टे सरळ, ठसठशीत. डॉमिनिकचे थोडे वेडेवाकडे आणि कडेला पुसट, त्यामुळे लांबून सगळं अंग धुरकट दिसतं.
- तुरा: प्लिमथ रॉकचा एकेरी, म्हणजे करवतीसारखे दाते असलेला उभा. डॉमिनिकचा रोझ कोम्ब, त्याला आपण गुलाबतुरा म्हणू. हा डोक्याला चिकटून बसलेला, रुंद, वर बारीक दाणे आणि मागे एक टोक.
- बांधा: डॉमिनिक लहान. कोंबडा साधारण ३.२ किलो, कोंबडी २.३ किलो. पाय पिवळे, त्यांवर पिसं नाहीत. अंडी तपकिरी.

कोंबडा कोंबडीपेक्षा फिकट दिसतो. याला कारण आहे. पट्ट्यांचं जनुक झेड गुणसूत्रावर असतं. पक्ष्यांमध्ये नराकडे दोन झेड असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे नराला पट्ट्यांच्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, मादीला एकच, म्हणून नराच्या पिसात पांढरा भाग जास्त. याच कारणामुळे एका दिवसाच्या पिल्लांतही अंदाज बांधता येतो. काळ्या पिल्लाच्या डोक्यावरचा फिकट ठिपका मोठा आणि पसरट असेल तर बहुधा नर, लहान आणि आटोपशीर असेल तर बहुधा मादी. 'बहुधा' हा शब्द गाळू नका.

दोन पिल्लं

गेल्या वसंतात बाईंची एक कोंबडी खुडूक झाली. तिच्याखाली परसातलीच अंडी ठेवली. २१ दिवसांनी ११ पिल्लं निघाली. वाढीच्या नोंदी ठेवायचं काम मी हौसेनं घेतलं. पिल्लं आईखाली असल्यामुळे दिव्याची गरज नव्हती. आई नसती तर पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअसची ऊब द्यावी लागते आणि दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करत न्यायची असते. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. दिव्याखाली दाटी केली तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला पळाली तर उकडतं आहे. सुरुवातीच्या खाद्यात १८ ते २० टक्के प्रथिनं लागतात. शिंपल्यांचा चुरा मात्र अंडी सुरू होण्याच्या सुमारालाच द्यायचा. जादा कॅल्शियमने लहान पिल्लांची मूत्रपिंडं बिघडू शकतात.

तीन-चार आठवड्यांनी तुरे स्पष्ट दिसायला लागले. नऊ पिल्लांना गुलाबतुरा होता. दोघींना एकेरी.

मी वहीत लिहिलं, "दोन पिल्लं डॉमिनिक नाहीत. अंड्यांची अदलाबदल." आणि पुढच्या सगळ्या वजनांच्या तक्त्यातून ती दोघी वगळल्या. बाईंनाही सांगितलं. त्यांनी त्या मिश्र जातीच्या म्हणून देऊन टाकायचं ठरवलं.

इथे थांबून विचार करा. मी निरीक्षण लिहिलं की निष्कर्ष? 'तुरा एकेरी' हे निरीक्षण. 'डॉमिनिक नाही' हा निष्कर्ष. 'अदलाबदल' हा तर नुसता तर्क, आणि तो मी तपासलाच नव्हता. तपासायला गेले तेव्हा दिसलं की त्या परसात बाहेरचं एकही अंडं आलं नव्हतं. मग दुसरी शक्यता, परका कोंबडा. कोंबडीच्या शरीरात नराचे शुक्राणू दोन-तीन आठवडे टिकतात, त्यामुळे नवीन विकत आणलेली कोंबडी जुन्या कोंबड्याची पिल्लं देऊ शकते. पण सगळ्या कोंबड्या वर्षाहून जास्त काळ याच खुराड्यात होत्या. तीही शक्यता गेली.

बेटसनचे तुरे

उरलं ते सगळ्यात साधं उत्तर, आणि ते मला बीएस्सीत शिकवलेलं होतं. जनुकांच्या आंतरक्रियेच्या धड्यात कोंबड्यांच्या तुऱ्यांचं उदाहरण तुम्हीही वाचलं असेल. विल्यम बेटसनने १९०२ मध्ये मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवलं ते याच तुऱ्यांवरून. गुलाबतुरा प्रभावी, एकेरी तुरा अप्रभावी.

गुलाबतुऱ्याच्या अ‍ॅलीलला 'गु' म्हणू आणि एकेरीच्या अ‍ॅलीलला 'ए'. पक्षी 'गुगु' असो की 'गुए', तुरा गुलाबच दिसणार. दोन 'गुए' एकत्र आले की चारातलं सरासरी एक पिल्लू 'एए', म्हणजे एकेरी. म्हणजे त्या दोन पिल्लांनी मला एवढंच सांगितलं होतं की बाईंचा कोंबडा 'गुए' आहे आणि निदान एक कोंबडीही.

आता उलट बाजू बघा. शुद्ध 'गुगु' डॉमिनिक कोंबडा आणि बार्ड प्लिमथ रॉक कोंबडी यांची सगळी पिल्लं काबरी आणि गुलाबतुऱ्याची निघतील. माझ्या कसोटीवर ती सगळी डॉमिनिक ठरली असती! म्हणजे तुऱ्याची खूण घरची पिल्लं बाहेर काढत होती आणि अर्धी परकी आत घेत होती.

खूण ठरवली कोणी?

मग तुरा हा नियम आला कुठून? १८७० पर्यंत दोन्ही तुऱ्यांचे पक्षी डॉमिनिक म्हणूनच प्रदर्शनात मांडले जायचे. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ठरलं की गुलाबतुरा असेल तरच डॉमिनिक. एकेरी तुऱ्याचे पक्षी प्लिमथ रॉकच्या वर्गात जातील. १८७४ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या मानकात डॉमिनिक दाखल झाली. प्रदर्शनाला कुठेतरी रेघ मारावीच लागते, त्यात चूक काही नाही. पण ती रेघ माणसांनी मारली आहे. 'ए' अ‍ॅलील त्याआधीपासून होतं आणि आजही कुठेकुठे लपून आहे.

आणि कदाचित ते असणं बरंच आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात गुलाबतुऱ्याचं मूळ सापडलं. सातव्या गुणसूत्राचा सत्तर लाखांहून जास्त अक्षरांचा तुकडा उलटा बसलेला असतो. त्यामुळे एमएनआर२ हे जनुक नको त्या जागी चालू होतं आणि तुऱ्याचा आकार बदलतो. पण तुकडा जिथे तुटला तिथे सीसीडीसी१०८ हे दुसरं जनुकही मोडतं. परिणाम असा की नेहमी आढळणाऱ्या गुलाबतुऱ्याचे 'गुगु' कोंबडे प्रजननात कमजोर असतात, कारण त्यांच्या शुक्राणूंची हालचाल मंद पडते. 'गुए' कोंबड्याला तो त्रास होत नाही. वायंडॉट या दुसऱ्या गुलाबतुऱ्याच्या जातीत एकेरी पिल्लं पिढ्यान्‌पिढ्या काढून टाकूनही पुन्हा का निघत राहतात, त्याचं उत्तर यात आहे. 'गुए' कोंबडे जास्त अंडी फळवतात आणि 'ए' टिकून राहतं.

म्हणजे बाईंचा कोंबडा वाहक होता ही त्या कळपाच्या दृष्टीने अडचण नव्हती. ज्या दोन पिल्लांना मी परकं ठरवलं, त्यांच्याजवळ कळपाला उपयोगी पडेल असं काहीतरी होतं. एकेरी तुऱ्याची कोंबडी 'गुगु' कोंबड्याला दिली तर सगळी पिल्लं गुलाबतुऱ्याची आणि मुलगे सगळे 'गुए'.

एखादा गुलाबतुऱ्याचा कोंबडा वाहक आहे का हे बघायलाही तिचा उपयोग होतो. दोघांची जोडी लावा. कोंबडा वाहक असेल तर प्रत्येक पिल्लू एकेरी निघण्याची शक्यता निम्मी. सलग सात पिल्लं गुलाबतुऱ्याची निघाली तर 'वाहक असूनही सुटला' ही शक्यता १२८ मध्ये १. मात्र त्याआधी तीन आठवडे ती कोंबडी दुसऱ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवा. कारण वर आलंच आहे.

लहान कळपाचं गणित

दुर्मिळ जातीत एखादा पक्षी वगळणं किती महाग पडतं ते एका सूत्रात दिसतं. कळपाची प्रभावी संख्या = ४ × नर × माद्या ÷ (नर + माद्या). बाईंकडे १ नर आणि ७ माद्या, म्हणजे २८ ÷ ८ = ३.५. खुराड्यात आठ पक्षी, पण आनुवंशिक विविधतेच्या हिशेबात साडेतीनच! अंतःप्रजनन दर पिढीला १ ÷ (२ × ३.५), म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी वाढतं. त्याच माद्यांमागे ३ नर ठेवले तर प्रभावी संख्या ८.४ होते आणि वाढ ६ टक्क्यांवर येते. म्हणून कोंबडे वाढवा, आणि नुसत्या तुऱ्यावरून कोणाला हाकलू नका.

'शांत' म्हणजे काय?

तुऱ्यासारखाच प्रश्न स्वभावाचाही आहे. डॉमिनिक शांत असते, असं सगळे सांगतात. मोजणार कसं? कोंबड्यांवर एक जुनी चाचणी आहे, टॉनिक इम्मोबिलिटी. पक्ष्याला पाठीवर ठेवून काही सेकंद हलका हात ठेवायचा, मग हात काढायचा आणि तो किती वेळाने उठतो ते मोजायचं. मला वाटलं, जास्त वेळ पडून राहील ती जास्त शांत. नेमकं उलट! शिकारी प्राण्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्यासारखं निपचित पडणं, ही ती प्रतिक्रिया आहे. जास्त वेळ पडून राहणारी कोंबडी जास्त घाबरलेली असते. आकडा बरोबर मोजला आणि अर्थ उलटा लावला, तर आकड्याच्या अचूकतेचा काय उपयोग?

तुमच्यासाठी

तुमचा विषय कोंबड्या नसेल. गावठी बियाणं असेल, बोलीभाषा असेल, 'अल्पभूधारक शेतकरी' असेल. प्रस्ताव लिहायला बसण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा:

१. मी गट ओळखायला कोणती खूण वापरतो किंवा वापरते?
२. ती खूण कोणी, कशासाठी ठरवली? माझा उद्देश तोच आहे का?
३. खूण असूनही गटाबाहेरचं, आणि खूण नसूनही गटातलं, असं काय असू शकतं?
४. वगळलेल्या नमुन्यांची नोंद मी कुठे ठेवणार?

चौथा प्रश्न मला वाचवून गेला. त्या दोन पिल्लांची वजनं मी तक्त्यातून काढली होती, पण नशिबाने वहीतून खोडली नव्हती. वजनाच्या तक्त्यात त्या आता परत आल्या आहेत, 'तुरा' नावाच्या एका नव्या रकान्यासह. बाईंनी दोघींना ठेवून घेतलं. प्रदर्शनात त्या कधीच जाणार नाहीत. पण पुढच्या वसंतात दुसऱ्या कळपातून एक कोंबडा येणार आहे आणि तो 'गुगु' की 'गुए' हे त्याच दोघी सांगणार आहेत.