पुंगळीवरची खूण

अमळनेरहून उत्तरेकडे निघालं, की आधी तापी लागते, मग चोपडा आणि चोपड्याच्या पुढे सातपुडा. तिथे सीमेलगत मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी गाव आहे. ‘गावठी कट्टा व जिवंत काडतुसे जप्त’ ही बातमी खानदेशातल्या वर्तमानपत्रांत येते, तेव्हा पुष्कळदा या गावाचं नावही तिच्यात असतं. बातमी चार ओळींत संपते. त्या कट्ट्यातून गोळी सुटली असेल, तर ती त्याच कट्ट्यातली हे ठरवायचं कसं, हा प्रश्न मात्र तिथून सुरू होतो.

कारखान्यात बनलेल्या बंदुकीवर क्रमांक असतो आणि परवान्यात त्याची नोंद असते. कट्ट्याला यातलं काहीच नसतं. तरीही तो बेनामी राहत नाही.

काडतुसाच्या पोटात

काडतुसाचे चार भाग असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा ओढला, की एक टोकदार खिळा टोपीवर आपटतो. टोपीतलं मिश्रण पेटतं, दारू जळते आणि तिचा वायू होतो. तो गोळीला पुढे ढकलतो आणि तितक्याच जोराने पुंगळीला मागच्या भिंतीवर दाबतो. टोपीचा धातू मऊ असतो. खिळ्याच्या टोकाचा आकार आणि मागच्या भिंतीवरचे ओरखडे त्या क्षणी टोपीवर उमटतात.

कट्टा हाताने घडतो. त्याचा खिळा कोणीतरी कानशीने घासून टोकदार केलेला असतो, आणि त्या घासण्याच्या खुणा तशाच्या तशा दुसऱ्या कट्ट्यात उतरणं अवघड असतं. क्रमांक नसलेल्या हत्याराची ओळख अशी त्याच्या घडणीतच राहते.

गोळीची गोष्ट थोडी वेगळी आहे. रायफल, पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरच्या नळीत आतून आटे पाडलेले असतात. त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि तिची दिशा टिकते. आट्यांची संख्या, रुंदी आणि वळण पाहून शस्त्राचा प्रकार कळतो, तर त्यांच्यामधले बारीक ओरखडे नेमक्या शस्त्राकडे नेतात. छऱ्याच्या बंदुकीची आणि पुष्कळ कट्ट्यांची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून सुटलेल्या गोळीवर आट्यांच्या खुणा नसतात, म्हणून तिथे सगळी भिस्त पुंगळीवर असते. पिस्तूल पुंगळी बाजूला फेकतं. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र ती चक्रातच राहते, त्यामुळे घटनास्थळी पुंगळी नाही म्हणून गोळीबारच झाला नाही, असं म्हणता येत नाही.

न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जप्त शस्त्रातून पाण्याच्या टाकीत किंवा कापसाच्या पेटीत चाचणीची गोळी झाडतात. मग ती आणि घटनास्थळची गोळी तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून रेघेला रेघ जुळते का, ते पाहतात. शस्त्र हाती नसलं, तरी दोन घटनांतल्या पुंगळ्या एकमेकींशी ताडता येतात. 30 ऑगस्ट 2015 रोजी धारवाडला डॉ. एम. एम. कलबुर्गी आणि 5 सप्टेंबर 2017 रोजी बेंगळुरूत गौरी लंकेश यांची हत्या झाली. दोन्हीकडे एकच 7.65 मि.मी.चं गावठी पिस्तूल वापरलं गेलं, हा कर्नाटकच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष पिस्तूल हाती नसतानाच निघाला होता.

जखम काय सांगते

नळी कातडीला टेकवून झाडली, तर वायू आत शिरतो. कवटीसारखं हाड खाली असेल, तर कातडी चांदणीसारखी फाटते. नळी काही इंच दूर असेल, तर जखमेभोवती काजळी दिसते. ती पुसली जाते. जळायचे राहिलेले दारूचे कण त्याहून लांब जातात आणि कातडीत गोंदणासारखे रुततात. ते धुऊन जात नाहीत. लहान शस्त्रांच्या बाबतीत ही खूण साधारण दोन-तीन फुटांपर्यंत मिळते. त्यापलीकडे उरतं ते छिद्र आणि त्याच्या कडेचं खरचटलेलं वर्तुळ. गोळी बाहेर पडते ती जखम बहुधा मोठी, वेडीवाकडी आणि त्या वर्तुळाशिवाय असते. ‘बहुधा’ हा शब्द इथे मोलाचा आहे, कारण टेकवून झाडलेल्या गोळीची आत शिरण्याची जखमही मोठी असू शकते. नुसत्या आकारावरून निकाल देऊ नये.

27 एप्रिल 1959 रोजी मुंबईत कमांडर नानावटी यांच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेल्या गोळ्यांनी प्रेम आहुजा यांचा मृत्यू झाला. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. मृताच्या डाव्या हाताच्या बोटांवरील जखमांत काळे कण रुतलेले होते, म्हणजे नळी जवळच होती. पण नळी जवळ असणं वेगळं आणि झटापट होणं वेगळं. अंतर जखमेने सांगितलं, हेतू मात्र इतर पुराव्यांतून शोधावा लागला. आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागचा हललेला नव्हता. रिव्हॉल्व्हरचा घोडा प्रत्येक गोळीसाठी नव्याने ओढावा लागतो. हे सगळं एकत्र पाहून सर्वोच्च न्यायालयाने 24 नोव्हेंबर 1961 रोजी शिक्षा कायम केली. जखमेला तिच्या कुवतीपलीकडचं बोलायला लावू नये, हा या खटल्याचा धडा मला फार महत्त्वाचा वाटतो.

पुरावा पहिल्या तासातच जातो

टोपीच्या मिश्रणातलं शिसं, बेरियम आणि अँटिमनी झाडणाऱ्याच्या हातावर बसतं. काही तासांत ते झडतं आणि हात धुतले तर लगेच जातं. जखमीचा सदरा उपचारासाठी कापावा लागतोच, पण कात्री गोळीच्या भोकातून चालवू नये. रक्ताचे कपडे सावलीत वाळवून कागदात बांधावेत, प्लास्टिकमध्ये ते कुजतात. शरीरातून काढलेली गोळी लोखंडी चिमट्याने धरली, तर चिमट्याचे ओरखडे नळीच्या ओरखड्यांवर उमटतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, अशी तरतूद केली आहे. पण तज्ज्ञ पोचण्याआधी तिथे गर्दी पोचलेली असते.

पुरावा किती वर्षं टिकावा लागतो, ते पाहा. साने गुरुजी आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच वर्षी, 1948 मध्ये, त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. त्याच ‘साधना’चे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यावर 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या झाडल्या गेल्या. पुण्याच्या न्यायालयाचा निकाल 10 मे 2024 रोजी आला : दोघांना जन्मठेप, तिघे पुराव्याअभावी निर्दोष. गोळी सुटायला एक क्षण पुरतो, निकालाला जवळपास अकरा वर्षं लागली. इतकी वर्षं पुरावा टिकायचा, तर तो पहिल्या तासात वाचवावा लागतो.

म्हणून अमळनेरच्या बाजारात असो की सातपुड्याच्या पायथ्याशी, कुठे गोळीबार झालाच, तर आधी जखमीला दवाखान्यात पोचवा आणि 112 ला फोन करा. जमिनीवर पडलेली पुंगळी दिसली, तर ती उचलू नका, तिच्यावर कोणाचा पाय पडू देऊ नका. पोलीस येईपर्यंत तिच्यापाशी उभे राहा.