न पेटणाऱ्या गिझरची कैफियत

वाशी म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे खाडीवरचा पूल आणि घाऊक बाजार उभा राहतो. आपल्याला जावयाचे आहे ते त्या वाशीला नव्हे. ही वाशी धाराशिव जिल्ह्यातली. बालाघाटच्या पठारावरचे तालुक्याचे गाव. याच तालुक्यात तेरखेडा आहे, आणि तेरखेड्याचे फटाके उभ्या मराठवाड्याला ठाऊक आहेत. ज्या मुलखाच्या मालाला एक ठिणगी पुरते, त्याच मुलखात नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघरातला गॅसचा गिझर मात्र काही केल्या पेटत नाही! वडीलधारी माणसे अंगाला तेल चोळून पाटावर बसलेली, उटण्याची वाटी तयार, गल्लीत पोरांनी पहिला फटाका उडवलेला. आणि नळाला पाणी येते आहे ते हाडे गोठवणारे.

मग घरोघरी ठरलेला संवाद सुरू होतो. ‘अहो, गॅस संपला असेल.’ ‘छे, परवाच तर सिलिंडर बदलला.’ ‘मग मशीनच गेले म्हणायचे.’ कोणी पेटीवर थाप मारतो, कोणी सिलिंडर हलवून पाहतो, तर कोणी आगपेटी घेऊन पुढे सरसावतो. या धांदलीत एक गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. गिझर बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. तो नकार देत असतो. आणि त्या नकाराला बहुधा सबळ कारण असते. ते कारण शोधावयाचे कसे, आणि तो नकार मोडून काढण्याच्या भरीला का पडू नये, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

बंब गेला, गिझर आला

आपल्या आजीच्या काळी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत गोवऱ्या नि ढलप्या, भोवती पाणी, खाली राख. बंबही रुसत असे. पण त्याचे रुसणे सर्वांना कळे. गोवरी ओली असली की धूर होई, डोळे चुरचुरत, खोकला येई आणि माणूस आपोआप दार उघडून बाहेर पळे. धूर हा त्रास होता, तसाच तो राखणदारही होता.

नळ सोडताच ऊन पाणी देणारे गॅसचे यंत्र लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉनने 1868 साली केले आणि आइसलंडमधल्या उसळत्या गरम झऱ्यावरून त्याला ‘गिझर’ हे नाव दिले. ऊन पाण्याचे झरे आपल्या मराठवाड्यालाही नवे नाहीत. नांदेड जिल्ह्यातले उनकेश्वर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण मॉनच्या यंत्रात एक मोठी उणीव होती. जळालेला वायू बाहेर नेणारे धुराडेच त्याला नव्हते. ही उणीव आज दीडशे वर्षांनंतरही कित्येक न्हाणीघरांत तशीच आहे. तिच्याकडे पुढे वळू.

सिलिंडरमधला गॅस मुंबईत घरोघर जाऊ लागला तो 1955 साली. 2016 साली उज्ज्वला योजना निघाली आणि खेड्यापाड्यांतील चुलींशेजारी सिलिंडर येऊन बसला. त्याच्यामागोमाग गिझरही आला.

पेटीच्या पोटात काय चालते?

गंमत अशी की, हे यंत्र गॅसचे असले तरी त्याला पहिला हुकूम देते ते पाणी. नळ सोडला की पाणी पेटीत शिरते आणि आपल्या दाबाने रबराचा एक पातळ पडदा ढकलते. पडद्याची दांडी एक लहानसे बटण दाबते. बटण दबले की सेलची वीज वाहू लागते. ती एकीकडे टिकटिक ठिणग्या पाडते व दुसरीकडे गॅसचा पडदा उघडते. ज्योत लागली की शेजारची एक बारीक काडी ‘ज्योत आहे’ अशी वर्दी देते. ही वर्दी काही सेकंदांत आली नाही, तर गॅस आपोआप बंद होतो.

पाणी, सेल, गॅस, ठिणगी आणि ज्योतीची वर्दी. अशी ही पाच जणांची साखळी आहे. एकाने हात सोडला की सारे थांबले. मग दोष कोणाचा हे कसे ओळखावे? त्यासाठी हत्यार लागत नाही. कान आणि डोळे पुरतात.

टिकटिकच ऐकू येत नाही

नळ सोडला आणि आत काहीच हालचाल नाही, तर गॅसला दोष देऊ नका; त्याची पाळी अजून आलेलीच नाही. आधी सेल पाहावेत. दीड-दीड व्होल्टचे दोन जाड सेल पेटीच्या तळाशी असतात. न्हाणीघराच्या दमटपणाने त्यांच्या पत्र्यांवर हिरवी-पांढरी बुरशी चढते. पत्रे कोरड्या फडक्याने पुसून दोन्ही सेल एकदम नवे घालावेत. एक जुना, एक नवा ही काटकसर येथे अंगलट येते.

सेल चांगले असूनही आवाज नसेल, तर अपराधी पाणी. मुंबई-पुण्याच्या उंच इमारतीत जे घडत नाही ते वाशीच्या बैठ्या घरात घडते. टाकी छपरावर, छप्पर दहा फुटांवर, आणि शॉवर सात फुटांवर. पाण्याच्या दर मीटर उंचीला दाब मिळतो तो चौरस सेंटिमीटरला किलोचा जेमतेम दहावा भाग. बहुतेक गिझरांना निदान दोन-तीन मीटर उंचीचे पाणी लागते; किमान दाबाचा आकडा पेटीवर किंवा सोबतच्या पुस्तिकेत छापलेला असतो. टाकी अर्धी झाली किंवा स्वयंपाकघरातला नळ कोणी सोडला, की पडदा ढकलण्याइतका जोर पाण्यात उरत नाही. शॉवरऐवजी खालच्या नळाने बादली भरून पाहावी. गिझर पेटला, तर यंत्र ठीक आहे. टाकी उंच चौथऱ्यावर चढवली की काम झाले.

दुसरा चोर म्हणजे बोअरचे पाणी. काळ्या पाषाणातून येणारे हे पाणी बहुधा जड असते. गिझरच्या तोंडाशी बारीक जाळी असते. तिच्यात वाळू, शेवाळ, क्षारांची पुटे अडकतात. कॉक बंद करून ती जाळी जुन्या दातघासणीने धुवावी. शॉवरची छिद्रेही तपासावीत. आतल्या तांब्याच्या नळ्यांत चुना बसला असेल, किंवा रबराचा पडदाच फाटला असेल, तर मात्र ते मिस्त्रीचे काम.

टिकटिक होते, ज्योत लागत नाही

येथे पाणी आणि सेल निर्दोष सुटले. आता गॅसची झडती. रेग्युलेटरची चावी उघडी आहे का? नळी कोठे मुरगळली आहे का? सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते. नळ दोन-तीनदा थांबून थांबून सोडला की ती निघून जाते.

‘शेगडी तर झकास पेटते!’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो फसवा आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला जवळजवळ किलोभर गॅस खातो. शेगडीच्या एका तोंडाहून चारपाच पट. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ होण्यास उष्णता लागते. थंडीची पहाट, तळाला गेलेला सिलिंडर आणि गिझरची ही भूक, असा योग जुळला की शेगडीपुरती वाफ निघते, गिझरपुरती निघत नाही. यावर कोणी सिलिंडर आडवा पाडतात, कोणी गरम पाण्यात बसवतात. दोन्ही उपाय जिवावर बेतणारे आहेत. सिलिंडर उभाच असावा आणि संपत आला असेल तर बदलावा.

गॅस भरपूर असूनही ज्योत लागत नसेल, तर ठिणगीच्या काडीवर काजळी असते किंवा बर्नरमध्ये कोळ्याने घर केलेले असते. पेटी उघडून हे साफ करावयाचे ते जाणत्यानेच. आगकाडीने पेटवण्याचा उद्योग कोणीही करू नये. आणि टिकटिक चालू असताना गॅसचा वास आला, तर प्रयोग तेथेच संपवावा. हा गॅस हवेहून जड. तो जमिनीलगत साचतो. रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणाला हात लावू नये, आणि बाहेर येऊन 1906 या क्रमांकावर फोन करावा. गॅसगळतीसाठी तो अहोरात्र चालू असतो.

पेटतो आणि विझतो

क्षणभर पेटून विझणाऱ्या गिझरात सेल मंदावलेले असतात किंवा वर्दी देणारी काडी मळलेली असते. पाण्याचा दाब कमीजास्त होत असला तरी असे घडते. पुष्कळ गिझरांत सुमारे वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, आणि पाणी फार तापले तरी तो विझतो. काही गिझर हवेतला प्राणवायू कमी झाला की थांबतात. लोकांना हा खोडसाळपणा वाटतो. मग एखादा हुशार कारागीर वायर परस्पर जोडून देतो आणि ‘आता बघा कसा चालतो’ म्हणून पैसे घेऊन जातो. यंत्र चालते, राखणदार मात्र गेलेला असतो.

खरे भय पेटलेल्या गिझरचे

हिशेब सोपा आहे. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात सुमारे साडेपाच घनमीटर हवा मावते. किलोभर गॅस नीट जळण्यास बारा-तेरा घनमीटर लागते. म्हणजे दार बंद, झरोक्यात थंडीसाठी कोंबलेले फडके, आणि गिझर आत. तर अर्ध्या तासाच्या आतच साऱ्या खोलीभर हवेइतकी हवा ज्योत मागून बसते. ती मिळत नाही तेव्हा निळी ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, धुरासारखी चुरचुर नाही. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहतो, त्याला हा वायू दोनशे पटींहून अधिक घट्ट बिलगतो. डोके जड होते, मळमळते, पाय लुळे पडतात. कडी दिसते, पण हात तिच्यापर्यंत पोहोचत नाही. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला 1902 साली पॅरिसमध्ये आपल्या शयनगृहात याच वायूने गेला. धुराडे तुंबले होते एवढेच निमित्त.

तेव्हा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त ऊन पाण्याची नळी न्यावी. आतच असेल, तर बादल्या आधी भरून, गिझर बंद करून, दार उघडून हवा खेळू द्यावी आणि मग आंघोळीस बसावे. झरोका कधीही बुजवू नये. लहान मूल किंवा म्हातारे माणूस आत असेल तर बाहेरून अधूनमधून हाक मारावी. हाकेला ओ आली नाही, तर विचार करीत बसू नये. दार फोडावे, माणसाला उघड्यावर आणावे, गॅस बंद करावा आणि थेट दवाखाना गाठावा. तेथे प्राणवायू देतात, आणि तोच उपाय.

वाचकहो, दिवाळीपूर्वी घर झाडताना एक काम यादीत घाला. दोन नवे सेल, धुतलेली जाळी, तपासलेली नळी आणि मोकळा झरोका. खर्च फराळाच्या एका डब्याहून कमी. एवढे करूनही गिझर पेटला नाही, तर त्याच्याशी झुंजू नका. मिस्त्रीला निरोप पाठवा आणि त्या दिवसापुरते शेगडीवर पातेले चढवा. उटणे त्या पाण्यानेही तितकेच छान लागते.