प्रोसेसर घेतांना प्रत्यय पाहावा

आमच्या घरांत खेळांसाठीं संगणक आणावा कीं नाहीं, हा वाद दोन वर्षें चालला होता. अखेर नातू दहावीच्या परीक्षेंत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला, तेव्हां आम्हीं निवृत्तिवेतनांतून शिल्लक टाकलेली रक्कम काढली आणि येथील एका दुकानीं गेलों. वापरलेला माल स्वस्त पडतो, असें ऐकलें होतें. विक्रेता म्हणाला, "आय-सेव्हन आहे, कोणताही खेळ चालेल." तिनांपेक्षां पांच आणि पांचांपेक्षां सात मोठे, एवढें गणित आम्हांस येत होतेंच. आम्हीं पैसे मोजले.

घरीं आल्यावर नातवानें पाहिलें, तों प्रोसेसर निघाला कोर आय-सेव्हन २६००, म्हणजे २०११ सालचा. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ अधिकृतपणें स्वीकारीत नाहीं, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. मुलगा कांहीं बोलला नाहीं. तेंच आम्हांस अधिक लागलें. "प्रश्न पूर्ण वाचल्यावांचून उत्तर लिहूं नका," असें वर्गांत तीस वर्षें सांगणारे आम्ही, नांव अर्धें वाचून फसलों होतों.

व्याकरणांत मूळ शब्द व प्रत्यय मिळून अर्थ ठरतो. प्रोसेसरच्या नांवाचेंही तसेंच आहे. 'आय-सेव्हन' हें केवळ कुलनाम. त्यावरून व्यक्तीचे गुण कळत नाहींत. पुढील आंकडा पिढी सांगतो: २६०० मधील २ म्हणजे दुसरी, १२१०० मधील १२ म्हणजे बारावी. जानेवारी २०२२ मध्यें आलेल्या आय-थ्री १२१००एफ मध्यें २६०० प्रमाणेंच ४ कोर व ८ थ्रेड आहेत. तरी काम तो पुष्कळच अधिक करतो. चार हातमाग आणि चार यंत्रमाग यांवर सारखें कापड निघत नाहीं, हें सोलापूरकरांस सांगणें नको.

सर्वांत महत्त्वाचा तो शेवटचा प्रत्यय. इंटेलचा 'एफ' म्हणजे पडद्यावर चित्र उमटविण्याची सोय आंत नाहीं. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घ्यावेंच लागतें. एएमडीच्या रायझन ५ ५६०० ला प्रत्यय नाहीं, तरी त्यांतही ती सोय नाहीं. ५६००जी मध्यें मात्र आहे. दोहोंतही ६ कोर व १२ थ्रेड आहेत. परंतु ५६०० ची एल-थ्री कॅश ३२ मेगाबाइट, तर जी ची १६. म्हणून कार्डासह ५६०० सरस ठरतो.

यावरून आम्ही असा नियम बांधला आहे: कार्ड आजच घ्यावयाचें असेल तर १२१००एफ किंवा ५६०० पुरे, उरलेला पैसा कार्डावर घालावा, कारण बहुतेक खेळांत चित्रें काढण्याचा मुख्य भार त्यावरच असतो. कार्डास पैसा नसेल तर ५६००जी घ्यावा व रॅमच्या एका पट्टीऐवजीं दोन लावाव्या, कारण त्याची चित्रशक्ति रॅममधूनच चालते. मदरबोर्डही त्याच सॉकेटचा हवा: रायझनच्या या दोघांस एएम४, १२१००एफ ला एलजीए १७००. आणि आमच्या गांवीं उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेव्हां पेटीला हवा खेळण्यास जागा ठेवावी.

दुसऱ्या खेपेस आमच्याजवळ कार्डापुरते पैसे उरले नव्हते. नातवानेंच ५६००जी निवडला. "आजोबा, कार्ड पुढें घेऊं," एवढेंच तो म्हणाला. मोठे खेळ त्यावर चित्रें साधीं करूनच चालतात. त्याची तक्रार नाहीं. पहिल्या पेटीवर आतां आम्ही टंकलेखन शिकतों. मात्र ती इंटरनेटास जोडीत नाहीं. पैसे गेले, पण धडा मिळाला. आणि या वयांत तो नातवाकडून मिळाला, याचा आम्हांस संकोच वाटत नाहीं.