टळलेल्या अपघातांची नोंद

३१ जानेवारी २००१ रोजी जपानच्या आकाशात एकाच कंपनीची दोन प्रवासी विमाने परस्परांवर आदळता आदळता वाचली. एक ९०७ क्रमांकाचे, टोकिओहून ओकिनावा बेटावरील नाहा शहराकडे निघालेले. दुसरे ९५८ क्रमांकाचे, कोरियातील बुसानहून टोकिओकडे येणारे. दोहोंत मिळून ६७७ माणसे होती. नियंत्रण-कक्षात एक शिकाऊ नियंत्रक काम करीत होता. ९५८ ने खाली उतरावे असे त्याच्या मनात होते. तोंडातून निघाले ९०७! चूक सावरण्यासाठी देखरेख करणारी अधिकारी पुढे झाली, तो तिच्याही तोंडून ९५७ हा क्रमांक गेला. या क्रमांकाचे विमान त्या वेळी तेथे नव्हतेच.

दोन्ही विमानांत टक्कर टाळण्याची सूचना देणारे यंत्र होते, आणि त्या यंत्राने आपले काम चोख बजावले. त्याने ९०७ ला वर जाण्यास व ९५८ ला खाली येण्यास सांगितले. ९५८ च्या वैमानिकाने यंत्राचे ऐकले. ९०७ च्या वैमानिकाने माणसाचे ऐकले. परिणामी दोघेही खाली येऊ लागले! अखेरच्या क्षणी समोरचे विमान डोळ्यांना दिसताच ९०७ च्या वैमानिकाने आपले विमान आणखी खाली झोकले आणि ते दुसऱ्याच्या खालून निसटले. त्या हिसक्याने माणसे आणि चहा-फराळाच्या गाड्या छतावर जाऊन आदळल्या. शंभराच्या घरात लोक जखमी झाले. परंतु मेले कोणी नाही.

शिकाऊ नियंत्रकाची जीभ घसरली, ही या प्रकरणातील मुख्य गोष्ट आहे असे आम्हांस वाटत नाही. ९०७ आणि ९५८ यांत गोंधळ कोणाचाही होईल. घरच्या दोन मुलांना हाका मारताना आपण रोजच तो करीत असतो. मुख्य प्रश्न असा की, माणूस आणि यंत्र परस्परविरुद्ध आज्ञा देऊ लागले तर वैमानिकाने पाळावयाची कोणाची? याचे निःसंदिग्ध उत्तर त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय नियमांत नव्हते. जपानने तो प्रश्न आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेपुढे नेला. निर्णय होण्यापूर्वीच १ जुलै २००२ ची रात्र उजाडली. जर्मनीतील युबरलिंगेन गावावर, झुरिकच्या नियंत्रणाखाली, एक रशियन प्रवासी विमान व एक मालवाहू विमान यांची टक्कर झाली. तेच दृश्य, तोच क्रम: नियंत्रक म्हणतो खाली या, यंत्र म्हणते वर जा, रशियन वैमानिक माणसाचे ऐकतात, दुसरे विमान यंत्राचे ऐकते. कक्षात प्रत्यक्ष काम पाहणारा नियंत्रक एकटा होता आणि दुरुस्तीसाठी मुख्य दूरध्वनी बंद ठेवलेले होते. ७१ जीव गेले. त्यांत कितीतरी शाळकरी मुले होती. यंत्राची आज्ञा श्रेष्ठ मानावी, हा नियम स्पष्ट शब्दांत आला तो त्यानंतर.

आपणही यात मागे नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी व कझाक विमाने आदळून ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. कझाक विमानाला १५,००० फुटांपर्यंतच उतरण्याची परवानगी होती. ते त्याच्याही खाली, १४,००० फुटांवरून येणाऱ्या सौदी विमानाच्या वाटेत आले. हे यंत्र विमानांवर सक्तीचे करण्यासाठी आपल्या सरकारला एवढी आहुती लागली.

जपानमध्ये पुढे काय झाले, तेही वाचकांनी ध्यानी घ्यावे. त्या दोघां नियंत्रकांवर फौजदारी खटला भरण्यात आला. खालच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले, वरच्याने दोषी. आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा, स्थगित स्वरूपाची का होईना, कायम केली. न्यायालयाचा मान राखूनही आम्ही असे म्हणू की, हा मार्ग बरोबर नव्हे. चूक सांगितली तर तुरुंगाची भीती असेल, तर उद्या ती सांगणार कोण?

अमेरिकेने हा धडा फार महाग किंमत देऊन घेतला. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगरावर आदळून ९२ माणसे दगावली. उतरण्याची परवानगी मिळाली याचा अर्थ ताबडतोब खाली येण्यास हरकत नाही, असा वैमानिकांनी केला. नियंत्रकाच्या मनात तसे नव्हते. सुमारे दीड महिन्यापूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान याच गैरसमजाने त्याच डोंगराला चाटून गेले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, पण इतरांच्या कानी ती गोष्ट गेली नाही! १९७६ पासून तेथे वैमानिक व नियंत्रक आपापल्या चुका गुप्तपणे कळवितात, आणि ही पत्रे वाचण्याचे काम शिक्षा करणाऱ्या खात्याकडे न ठेवता ‘नासा’कडे सोपविलेले आहे.

८ जून २०२४ रोजी आपल्या मुंबईच्या विमानतळावर एक विमान उड्डाणासाठी धावत असतानाच दुसरे त्याच धावपट्टीवर मागून उतरले. कोणाला इजा झाली नाही. संबंधित नियंत्रकाला कामावरून बाजूला करण्यात आले. चौकशी होईतो हे रीतसरच आहे, त्याला आमचा आक्षेप नाही. परंतु त्या मिनिटात कक्षात काय दिसले, काय बोलले गेले आणि काय समजले गेले, हे देशातील प्रत्येक नियंत्रकाच्या व वैमानिकाच्या हाती छापील स्वरूपात पडले पाहिजे, आणि ते सांगणाऱ्याची नोकरी त्या सांगण्यापायी जाणार नाही अशी लेखी हमी नागरी विमान वाहतूक खात्याने दिली पाहिजे.