खुनाची बातमी आणि गावचा वार्ताहर

धार्मिक समुदायात एकामागून एक खून पडतात आणि एखादा पत्रकार त्यांचा छडा लावतो, ही मांडणी रहस्यकादंबरी आणि चित्रपट यांच्या वाचक-प्रेक्षकांना चांगलीच परिचयाची आहे. परंतु हेच काम प्रत्यक्षात कसे चालते, त्यात कोणती कागदपत्रे हाताळावी लागतात आणि ते कोणत्या मर्यादांच्या आत करावे लागते, हे समजून घ्यायचे असेल तर शहरातल्या संपादकीय कचेरीपेक्षा जवळा बाजारसारख्या गावातल्या वार्ताहराकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातले हे गाव कृषी उत्पन्न बाजार समितीमुळे आसपासच्या खेड्यांचे व्यवहाराचे ठिकाण झाले आहे. ज्योतिर्लिंग म्हणून मानले जाणारे औंढ्याचे नागनाथ मंदिर याच तालुक्यात आहे आणि संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूजले जाणारे नरसी याच जिल्ह्यात आहे. दिंड्या, सप्ताह, उरूस, मठ आणि दर्गे यांनी येथील वर्षाचे वेळापत्रक बांधलेले असते, आणि वार्ताहरही त्याच वेळापत्रकातला एक माणूस असतो.

हिंगोली हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला; म्हणजे मराठवाड्यातले सर्वाधिक चर्चिलेले खून-प्रकरण ज्या जिल्ह्यात घडले, त्याच जिल्ह्यात त्या काळी जवळा बाजारही होते. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या अवधीत परभणी जिल्ह्यातील मानवत येथे लहान मुली आणि स्त्रिया यांचे खून एकामागून एक होत गेले आणि खटल्यात अशा दहा खुनांचा आरोप ठेवण्यात आला. तो काळ १९७२च्या भीषण दुष्काळाचा होता. गुप्तधन मिळावे आणि अपत्यप्राप्ती व्हावी या हेतूने, पिंपळावर वास करतो असे मानल्या जाणाऱ्या मुंजाला बळी देण्यासाठी हे खून करण्यात आले, असे अभियोग पक्षाचे म्हणणे होते. स्थानिक तपास अडखळल्यावर मुंबईहून गुन्हे अन्वेषण विभागाचे अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे हे काम देण्यात आले. मुंबईतील रमण राघव या साखळी-खुन्याच्या प्रकरणाच्या तपासामुळे त्यांचे नाव आधीच सर्वांना माहीत झालेले होते.

या प्रकरणाची कथा पुढे अनेक रूपांत सांगितली गेली. विजय तेंडुलकर यांच्या लेखनावर आधारलेला, अमोल पालेकर दिग्दर्शित ‘आक्रीत’ हा चित्रपट १९८१ साली आला, आणि २०२४ साली ‘मानवत मर्डर्स’ ही वेब मालिका प्रदर्शित झाली. मात्र जनमानसात रुजलेली कथा आणि न्यायालयाच्या अभिलेखात उरलेली कथा यांच्यात एक मोठे अंतर आहे. कटाचे सूत्रधार म्हणून ज्या दोघांची नावे महाराष्ट्रभर झाली, त्यांना उच्च न्यायालयाने पुराव्याअभावी निर्दोष सोडले. हे प्रकरण ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथील १९७७चा निकाल आजही विधी महाविद्यालयांत अभ्यासला जातो. तो अभ्यासला जाण्याचे मुख्य कारण माफीच्या साक्षीदाराच्या पुराव्याविषयीची चर्चा हे आहे. माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यात स्वतः सहभागी असून शिक्षेतून सूट मिळण्याच्या अटीवर इतरांविरुद्ध साक्ष देणारा आरोपी. अशा माणसाच्या शब्दावर, महत्त्वाच्या तपशिलांना स्वतंत्र दुजोरा मिळाल्याशिवाय, विसंबू नये हा न्यायालयांचा सावधपणाचा नियम आहे. गुन्ह्याचे वार्तांकन करणाऱ्याने मानवतमधून काही शिकायचे असेल तर ते हेच आहे, की सर्वांना माहीत असलेली गोष्ट आणि सिद्ध झालेली गोष्ट या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि बातमीचे सारे कसब त्या दोहोंमधले अंतर राखण्यात असते.

गावपातळीवर हे अंतर राखण्याचे काम प्रेत सापडल्याच्या पहिल्या तासापासूनच सुरू होते. शेतात, विहिरीत किंवा ओढ्याकाठी मृतदेह आढळला की वार्ताहराला पहिला निरोप बहुधा पोलिसांकडून न येता पोलीस पाटलाकडून, एखाद्या रिक्षाचालकाकडून किंवा चहाच्या टपरीवरून येतो, आणि त्या निरोपात मृत्यूचे कारणही बहुधा सांगून टाकलेले असते. अनुभवी वार्ताहर ते कारण वहीत उतरवतो, परंतु ते कोणी सांगितले हे त्यापुढे लिहून ठेवतो. पोलीस घटनास्थळाचा पंचनामा करतात, म्हणजे जागा, वस्तू, अंतरे आणि खुणा यांची दोन पंचांसमक्ष लेखी नोंद घेतात. त्याशिवाय मृतदेहाच्या बाह्य स्थितीचा मरणोत्तर पंचनामा होतो, ज्याची तरतूद १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. मृत्यूचे स्वरूप स्पष्ट नसेल तर आधी ‘आकस्मिक मृत्यू’ अशी नोंद केली जाते, आणि शवविच्छेदनातून किंवा चौकशीतून घातपात दिसला तरच भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली खुनाचा गुन्हा दाखल होतो. म्हणून ‘आकस्मिक मृत्यूची नोंद’ ही पायरी असताना ‘खून’ हा शब्द मथळ्यात टाकणे ही घाई असते, आणि गुन्हा दाखल झाल्यानंतरही जुन्या नोंदीच्या आडोशाने गप्प राहणे हीही तितकीच मोठी चूक असते.

घटनास्थळ वाचण्याचे काम या भागात विशेष अवघड आहे. लिंबू, टाचण्या, नारळ, काळी बाहुली, हळद-कुंकू यांपैकी काहीही मृतदेहाजवळ दिसले की ‘नरबळी’ हा शब्द गर्दीतून आपोआप उठतो, आणि करणी, भानामती, उतारा या मराठवाड्याला ओळखीच्या कल्पना त्याला लगेच येऊन चिकटतात. पण हिंगोली-वसमतचा हा सारा पट्टा हळदीच्या पिकाचा आहे; येथे ती पोत्यांना, हातांना, कपड्यांना आणि वाहनांना लागलेली असते, त्यामुळे हळदीचा डाग हा एकटा कशाचाच पुरावा ठरत नाही. तिकाटण्यावर टाकलेला उतारा हा आदल्या रात्री दुसऱ्याच कोणी आपल्या आजारी लेकरासाठी टाकलेला असू शकतो. तिथीच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी लागते. खून अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या ‘आसपास’ झाला असे म्हणताना एक दिवस अलीकडचा आणि एक दिवस पलीकडचा धरला, तर चांद्रमासाच्या तीस तिथींपैकी सहा त्यात बसतात. म्हणजे कोणतीही घटना केवळ योगायोगाने तेथे पडण्याची शक्यता पाचास एक इतकी असते. पंचांग पाहून संशय घेता येतो, पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

याचा अर्थ अघोरी प्रथांकडे दुर्लक्ष करावे असा मुळीच होत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने नरबळी, अमानुष व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत बंदी घातलेली कृत्ये एकेक करून नोंदवलेली असून शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची आहे; शिवाय कायद्याच्या अंमलबजावणीसाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. वार्ताहराने पाहायचे असते ते हे, की पोलिसांनी या कायद्याची कलमे प्रथम माहिती अहवालात लावली आहेत काय, आणि लावली असल्यास अनुसूचीतल्या कोणत्या कृत्याच्या आधारे. प्रथम माहिती अहवाल, म्हणजेच बोलीतला एफआयआर, हा फिर्यादीने सांगितलेल्या हकिकतीचा दस्तऐवज असतो. त्यातले प्रत्येक वाक्य हा आरोप असतो. लैंगिक अत्याचार, बालकांवरील गुन्हे यांसारखे संवेदनशील प्रकार वगळता हे अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर ठेवावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला असल्याने, ऐकीव मजकुरावर बातमी बेतण्याचे आता फारसे कारण उरलेले नाही.

बळी लहान मूल असेल तेव्हा आणखी एक मर्यादा येते आणि ती गावात पाळणे फार कठीण असते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२च्या अधिनियमातील कलम २३ नुसार पीडित बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा, कुटुंब किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. तीनशे उंबऱ्यांच्या वस्तीत ‘अमुक व्यवसाय करणाऱ्याची मुलगी’ एवढे लिहिले तरी ओळख पटते. म्हणून शहरी बातमीला पुरेशी असणारी गोपनीयता खेड्यातल्या बातमीला पुरत नाही, आणि येथे वार्ताहराला कायद्याच्या शब्दांपेक्षा अधिक कडक राहावे लागते.

संशय एखाद्या मठावर, देवस्थानावर किंवा पंथावर असतो तेव्हा साक्षीदार बोलत नाहीत. भीतीइतकेच नात्याचे, श्रद्धेचे आणि आपल्या समाजाची बदनामी होऊ नये या चिंतेचेही ते मौन असते. अशा वेळी वार्ताहराच्या हाती उरते ती कागदपत्रे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांची नोंद १९५०च्या अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते. तेथे विश्वस्तांची नावे, मालमत्ता आणि विश्वस्त बदलल्याचे अर्ज, ज्यांना व्यवहारात चेंज रिपोर्ट म्हणतात, पाहता येतात, आणि गादीवरून किंवा विश्वस्तपदावरून कोणाचा कोणाशी वाद चालू आहे हे त्या अर्जांवरच्या हरकतींतून उलगडते. दुसरा कागद म्हणजे सातबारा आणि त्यामागची फेरफार नोंद. निजामी राजवटीचा वारसा असलेल्या मराठवाड्यात देवळे, मठ, मशिदी आणि दर्गे यांच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश इनाम जमिनी गावोगाव आहेत. त्या सेवेसाठी असल्याने मोकळेपणाने विकता येत नाहीत. रस्त्याकडेच्या अशा जमिनीला भाव आला की जुना वाद पेट घेतो. वरवर धार्मिक दिसणाऱ्या हिंसेच्या मुळाशी जमीन, वारसा किंवा दानपेटीचा हिशेब आहे काय, हे तपासल्याशिवाय धर्माला किंवा पंथाला कारण ठरवणे हे अपुऱ्या कामाचे लक्षण आहे.

यापुढचा टप्पा अटकेचा असतो आणि बातमीत सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात. ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य अटकेनंतरच्या बातम्यांत सर्रास छापले जाते. परंतु भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ नुसार पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, फक्त त्याने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली तर त्या शोधाशी संबंधित तेवढा भाग पुराव्यात येतो. जे न्यायालयात उभेच राहू शकत नाही ते वाचकांपुढे सत्य म्हणून ठेवले, तर आरोपी निर्दोष सुटल्यावर वाचकाला न्यायालयच चुकले असे वाटू लागते. त्याहून मोठी हानी समाजाच्या नावाने होते. ब्रिटिशांनी १८७१ साली ज्या जमातींना कायद्यानेच गुन्हेगार ठरवले, त्या ३१ ऑगस्ट १९५२ रोजी विमुक्त झाल्या. तरीही कोठे चोरी किंवा खून झाला की पहिला संशय त्यांच्यापैकीच असलेल्या पारध्यांच्या पालांकडे वळतो. आरोपीच्या नावापुढे जात किंवा पंथ लिहिल्याने बातमीत माहितीची भर पडत नाही, मात्र दुसऱ्या दिवशी त्या पालावरच्या मुलांना शाळेत जाणे अवघड होते.

हे सारे काम ज्याच्यावर सोपवलेले असते, त्याची स्थिती फारशी बळकट नसते. गावचा वार्ताहर हा अनेकदा त्याच वृत्तपत्राचा विक्रेताही असतो आणि जाहिराती मिळवून त्यावरच्या कमिशनवर घर चालवतो. वाढदिवसाच्या, यात्रेच्या आणि सप्ताहाच्या जाहिराती देणारी माणसेच प्रसंगी बातमीचा विषय होतात. बातमी देऊन संध्याकाळी त्याला त्याच रस्त्याने घरी जायचे असते. मानवत प्रकरणाच्या काळात खेड्यांतून बातमीचे पाकीट एसटीच्या चालकाच्या हाती देऊन शहराकडे पाठवले जाई; आज तीच बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर क्षणात जाते आणि तपासून पाहण्यासाठी मिळणारा वेळ त्याच प्रमाणात आटला आहे. हे काम जिवावरही बेतू शकते. हरियाणातील सिरसा येथे ‘पूरा सच’ हे छोटे सायंदैनिक चालवणारे रामचंद्र छत्रपती यांनी एका बलाढ्य डेऱ्यातील अत्याचारांविषयीचे निनावी पत्र प्रसिद्ध केले. ऑक्टोबर २००२ मध्ये त्यांच्यावर घराबाहेर गोळ्या झाडण्यात आल्या आणि पुढच्या महिन्यात त्यांचा मृत्यू झाला. महाराष्ट्राने २०१७ साली प्रसारमाध्यमांतील व्यक्तींवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. पण या कायद्याचा आधार घ्यायचा तर वार्ताहर हा आपला माणूस आहे असे वृत्तपत्राने लेखी सांगावे लागते, आणि ओळखपत्रापलीकडे काहीच हाती नसलेल्यांना तेही सहज मिळत नाही.

खटला उभा राहिल्यानंतर बातमीचे खरे काम सुरू होते आणि वृत्तपत्रांचा उत्साह नेमका तेथेच संपतो. दोषारोपपत्र साठ किंवा नव्वद दिवसांच्या मुदतीत दाखल झाले काय, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल काय म्हणतो, कोणते साक्षीदार उलटले, सरकारी वकिलांनी कोणता दुवा जोडला आणि कोणता जोडता आला नाही, ही माहिती सत्र न्यायालयात तारखेला जाऊन बसल्याशिवाय मिळत नाही. एका तारखेसाठी गावच्या वार्ताहराचा दिवस आणि प्रवासखर्च जातो, आणि त्याबद्दल त्याला बहुतेक वेळा काहीही मिळत नाही. त्यामुळे अटकेची बातमी पहिल्या पानावर आणि सुटकेची बातमी आतल्या पानाच्या तळाशी, किंवा कोठेच नाही, अशी स्थिती राहते. मानवतच्या बाबतीत अर्धशतकानंतरही लोकांना आरोप तेवढे आठवतात, निकाल आठवत नाही, याचे एक कारण हेच आहे. रहस्यकथेतला पत्रकार खुनी शोधून थांबला तरी चालते. जवळा बाजारच्या वार्ताहराने निकाल लागेपर्यंत थांबू नये, आणि त्याने थांबू नये अशी इच्छा असेल तर वृत्तपत्रांनी त्याच्या न्यायालयीन तारखांचा खर्च उचलावा, त्याला लेखी नेमणूक द्यावी, आणि अटकेला जेवढी जागा दिली तेवढीच जागा निकालाला, तो कोणत्याही बाजूने लागो, न चुकता द्यावी.