परत फिरलेले ट्रक

२००७ च्या जूनची अखेर. स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यातून सामानाने भरलेले ट्रक लंडनच्या वाटेला लागले होते. आत अडीचशे वर्षांपूर्वीच्या खुर्च्या, आरसे, कपाटं. १२ आणि १३ जुलैला क्रिस्टीज या लिलावसंस्थेत त्यांची बोली लागायची होती. कॅटलॉगही छापून झाले होते. आणि वाटेतच निरोप आला: मागे फिरा.

ज्या घरातून हे सामान निघालं होतं त्याचं नाव डम्फ्रीज हाउस. नावावरून ते डम्फ्रीज शहरात असेल असं वाटतं, पण ते आहे कम्नॉक या एके काळच्या कोळसाखाणींच्या गावाजवळ. डम्फ्रीज ही मालकाची पदवी.

हे घर बांधलं विल्यम क्रायटन-डॅलरिंपल या पाचव्या अर्लने. एकुलता एक मुलगा लहानपणीच गेला. घराची पायाभरणी १७५४ साली झाली आणि पुढच्याच वर्षी पत्नीही गेली. बांधकाम मात्र थांबलं नाही. पुन्हा लग्न होईल, घराण्याला वारस मिळेल, ही आशा या भिंतींच्या मुळाशी होती. १७६२ मध्ये त्याने दुसरं लग्न केलंही. पण १७६८ मध्ये तो वारला, तेव्हा मागे मूल नव्हतं. इतकं देखणं घर, आणि ते ज्याच्यासाठी उभं केलं तो जन्मालाच आला नाही!

आराखडा ॲडम बंधूंचा. रॉबर्ट ॲडम पुढे ब्रिटनचा फार मोठा वास्तुविशारद म्हणून गाजला. त्या वेळी तो २६ वर्षांचा होता आणि पायाभरणी होऊन काही महिने होतात न होतात तोच इटलीला अभ्यासासाठी निघून गेला. काम पुढे नेलं ते थोरल्या जॉनने. घर सुमारे आठ हजार पौंडांत बसवायचं ठरलं होतं. अर्ल पैशाच्या बाबतीत काटेकोर होता, आणि घर अंदाजपत्रकाच्या आतबाहेर फारसं गेलं नाही. छताच्या गिलाव्यात ठिकठिकाणी थिसल, म्हणजे स्कॉटलंडचं ते काटेरी फूल, उमलवलेलं आहे. थिसलच्या नावाचा सरदारी सन्मान अर्लला नुकताच मिळाला होता. त्याचा अभिमान त्याने डोक्यावर कोरून घेतला.

१७५९ मध्ये अर्लने लंडनला थॉमस चिपनडेलकडे फर्निचरची मागणी नोंदवली. चिपनडेलचं नमुन्यांचं प्रसिद्ध पुस्तक पाचच वर्षांपूर्वी निघालं होतं. बाकीचं काम एडिनबरोच्या अलेक्झांडर पीटर, फ्रान्सिस ब्रोडी, विल्यम मॅथी या कारागिरांनी केलं. चिपनडेलची बिलं टिकली आहेत, आणि माझ्या मते या घराचं खरं मोल तिथे आहे. शिसवी लाकडाचं एक भलंमोठं पुस्तकांचं कपाट घ्या. त्यावर सोनेरी मुलाम्याचं कोरीवकाम. बिलात किंमत ४७ पौंड ५ शिलिंग. २००७ च्या लिलावात त्याच कपाटाचा अंदाज २० ते ४० लाख पौंड धरला होता. कुणी बनवलं, कुणासाठी, कधी, कितीला, आणि ते उभं कुठे आहे, हे सगळं एका जागी सापडणं विरळा. कपाट न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात गेलं असतं तरी कपाट राहिलंच असतं. पण बिल, खोली आणि कपाट यांचा एकमेकांशी असलेला धागा तुटला असता.

हे सगळं इतकी वर्षं टिकलं कसं? घराण्याने फारसं लक्ष दिलं नाही म्हणून. अर्लच्या भाच्याची मुलगी ब्यूट घराण्यात दिली गेली. त्या घराण्याकडे माउंट स्टुअर्ट आणि कार्डिफचा किल्ला अशा कितीतरी भव्य वास्तू होत्या, त्यामुळे डम्फ्रीज हाउस कधीमधी उतरण्याचं ठिकाण उरलं. राबता नाही, म्हणून मोडतोड नाही. नवी फॅशन आली म्हणून जुनं सामान काढून टाकणंही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्यूटच्या तिसऱ्या मार्क्विसने रॉबर्ट वीअर शुल्ट्झ या वास्तुविशारदाकडून घर वाढवून घेतलं, तेवढाच मोठा बदल.

या तिसऱ्या मार्क्विसच्या आजोळी मराठी वाचकाच्या ओळखीचं नाव भेटतं. त्याची आई सोफिया ही लॉर्ड हेस्टिंग्जची मुलगी. १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल असलेला तोच हा हेस्टिंग्ज. सोफियाच्या आईचं लाउडन कॅसल याच एअरशरमध्ये आहे. १९४१ मध्ये ते आगीत जळालं. आज नुसत्या भिंती उभ्या आहेत.

१९९३ मध्ये सातव्या मार्क्विसकडे वारसा आला. घर नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने घ्यावं यासाठी बोलणी झाली, ती फिसकटली आणि विक्री ठरली. ‘सेव्ह ब्रिटन्स हेरिटेज’चे मार्कस बिनी, एअरशरचे कलाअभ्यासक जेम्स नॉक्स यांनी जिवाचं रान केलं. शेवटी तेव्हाचे युवराज चार्ल्स पुढे आले. घर, सामान आणि सुमारे दोन हजार एकर जमीन मिळून साडेचार कोटी पौंड जमवायचे होते. राष्ट्रीय वारसा निधी, स्कॉटिश सरकार, आर्ट फंड, मॉन्युमेंट ट्रस्ट यांनी वाटा उचलला, आणि चार्ल्स यांच्या धर्मादाय संस्थेने दोन कोटींचं कर्ज घेतलं. म्हणूनच ते ट्रक मागे फिरले. मंदी दारात उभी असताना घेतलेलं कर्ज! जवळच नॉकरून नावाची वसाहत बांधून त्यातून पैसे उभे करायचे होते. २००८ नंतर घरांची विक्री थंडावली आणि ती योजना फार छोटी राहिली. मोठा भार देणगीदारांवर आला. त्याच देणग्यांवरून २०२१ मध्ये वादळ उठलं: पैशांच्या बदल्यात मानसन्मान देऊ केल्याचा आरोप झाला, संस्थेच्या प्रमुखाने राजीनामा दिला. पोलिसांचा तपास २०२३ मध्ये पुढील कारवाईविना थांबला. वारसा वाचवणाऱ्या हातांचा हिशोबही चोख हवा, असं मला फार वाटतं. ज्या घरातली १७५९ ची बिलं आपण मिरवतो, तिथे तर नक्कीच.

घर २००८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. पण ज्या कम्नॉकमध्ये कामगार पुढारी कीअर हार्डी राहिला, तिथल्या खाणी बंद पडल्या होत्या आणि तरुणांच्या हाताला काम नव्हतं. नुसत्या तिकिटांवर ही वास्तू त्या गावाची झाली नसती. म्हणून आवारात शिकवणी सुरू झाली: स्वयंपाक आणि आतिथ्य, दगडकाम, सुतारकाम, कापडकाम. उजाड पडलेली पाच एकरांची तटबंद बाग २०१४ मध्ये पुन्हा फुलली. शेजारच्या न्यू कम्नॉकचा जुना उघडा पोहण्याचा तलावही याच संस्थेच्या पुढाकाराने दुरुस्त झाला. आज त्या आवारात एका दालनात चिपनडेलच्या खुर्च्या आहेत, आणि थोड्या अंतरावरच्या कार्यशाळेत खाणकामगारांची नातवंडं लाकडाला सांधा कसा घालायचा ते शिकत आहेत.